बाबांना पटवू नकोस, स्कोअर लिहायला बसव

प्रश्न नाशिकच्या इंदिरानगरमधल्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा आहे. थोडक्यात असा: "व्हॅलोरंट (पीसीवर) आणि बीजीएमआय (फोनवर) हे नेमबाजीचे गेम मी मनापासून खेळतो, कॉलेजच्या टीममध्येही आहे. पण जिंकलो तरी घरात सांगायला कोणी नाही. बाबा नोटप्रेसमधून निवृत्त झालेत, त्यांच्या लेखी हा टाइमपास. आई ऐन मॅचमध्ये जेवायला हाक मारते. नववीतल्या बहिणीला खेळायचंय, पण तिला कुठल्या लॉबीत (ऑनलाइन खेळाडूंच्या गटात) न्यायचं ते कळत नाही. आजीचं एकच, डोळे जातील. दिवाळीत आत्येभावंडं येणार आहेत. घरच्यांना यात सामील कसं करून घेऊ?"

बाबांना पटवायचा नाद आधी सोड. ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेत खेळले जाणारे व्हिडिओ गेम, हा खराखुरा खेळ आहे, त्यात करिअर आहे, बाहेरच्या देशात अमुक बक्षिसं मिळतात, अशी यादी पाठ करून वडिलांसमोर उभी राहणारी पोरं मी कॉलेज रोडच्या माझ्या गेमिंग कॅफेत वर्षानुवर्षं बघतोय. यादी ऐकून एकाचेही वडील शेजारी येऊन बसलेले नाहीत. जे बसले, त्यांना कोणीतरी एक राऊंड नीट बघायला शिकवला होता, नाहीतर घरात त्यांच्याकडे एखादं काम सोपवलं होतं. माझ्या सगळ्या सल्ल्याचं सार एवढंच. पुढचं सगळं ते कसं करायचं याबद्दल.

पहिली गोष्ट, तू स्वतः खेळत असताना त्यांना दाखवू नकोस. तुझा माउस झटके मारतो, स्क्रीन गरागरा फिरते, तुला बोलायला फुरसत नसते आणि तोंडातून काय निघेल याचा नेम नसतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला फक्त गोंधळ दिसतो आणि ऐकू येतात शिव्या. त्यापेक्षा एखाद्या मोठ्या स्पर्धेचा सामना टीव्हीवर लाव. तिथे कॅमेरा फिरवणारा माणूस वेगळा असतो, दहाही खेळाडू कुठे आहेत ते नकाशात दिसतं, आणि रिमोट तुझ्या हातात असतो. पूर्ण मॅच दाखवायची नाही. एकच राऊंड दाखवायचा. व्हॅलोरंटमध्ये स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लागेपर्यंत जास्तीत जास्त १०० सेकंद, तेवढा वेळ कोणीही देतं.

आणि त्या राऊंडमध्ये सांगायचं काय? एजंटच्या, म्हणजे पात्रांच्या, पॉवर सांगू नकोस. नवखा माणूस तिथेच गळतो. एवढंच सांग: पाच विरुद्ध पाच, एका बाजूने स्पाइक लावायचा, दुसऱ्या बाजूने अडवायचं. लागला की ४५ सेकंदांत फुटतो, निकामी करायला ७ सेकंद लागतात. १३ राऊंड आधी जिंकेल त्याची मॅच, १२ राऊंडनंतर बाजू बदलतात. मग राऊंडच्या अखेरीस एकच खेळाडू उरलाय, स्पाइक वाजतोय आणि समोर दोघं आहेत, अशी वेळ आली की पॉज कर आणि बाबांना विचार, "तुम्ही काय केलं असतं?" उत्तर चुकलं तरी चालेल. उत्तर दिलं, म्हणजे माणूस सामील झाला.

आईसाठी वाट वेगळी आहे, आणि ही मला एका मावशींनीच दाखवली. सातपूरचा एक मुलगा माझ्याकडे सरावाला यायचा. त्याची आई त्याला न्यायला आली, मॅच संपेना, म्हणून खुर्चीमागे उभी राहिली. टीम पहिला राऊंड हरली होती. दुसऱ्या राऊंडला हा साधं पिस्तूल घेऊन पळत सुटलेला बघून मावशी म्हणाल्या, "समोरच्यांकडे एवढ्या मोठ्या बंदुका, आणि याने का नाही घेतली?" मी म्हटलं, पैसे नाहीत. सुरुवातीला प्रत्येकाला ८०० क्रेडिट्स मिळतात, ते यांनी पहिल्याच राऊंडला उडवले. हरले म्हणून १९०० मिळाले. चांगली रायफल २९०० ची, वर मोठं चिलखत १००० चं. आत्ता अर्धवट काहीतरी घेतलं तर हाही राऊंड जाईल आणि पुढच्यालाही हात रिकामा. आत्ता गप्प बसले तर हा राऊंड हरूनही २४०० मिळतील, म्हणजे गाठीला ४३००. मग सगळं घेता येईल. मावशींनी एकदाच मान हलवली. दुसऱ्या हाफचा पहिला राऊंड हरल्याबरोबर, पोरांचा अजून वाद चालू असताना, मागून आवाज आला, "आता कोणी काही घेऊ नका रे. पुढच्याला घ्या." पाचही पोरं वळून बघायला लागली. टीमचा कॅप्टन नेमका तेच सांगत होता, फक्त त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

घरखर्च चालवणाऱ्या बाईला ईको राऊंड, म्हणजे खरेदी टाळून पैसे साठवायचा राऊंड, शिकवावा लागत नाही. तिला फक्त आकडे कुठे दिसतात ते दाखवायचं. तुझ्या आईला राऊंड सुरू व्हायच्या आधीचा खरेदीचा पडदा दाखव आणि विचार, घेऊ की थांबू? नेमबाजी तिला आवडणार नाही. आवडायलाच हवी असंही नाही.

बीजीएमआयचं उलट आहे. तिथे पैशाचं गणित नाही, जमिनीचं आहे. माझे मामा देवळालीला तोफखान्यात होते. मॅच चालू असली की ते गोळीबाराकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांचे डोळे कोपऱ्यातल्या नकाशावर. एरँगल हा नकाशा ८ बाय ८ किलोमीटरचा, खेळायचं सुरक्षित वर्तुळ आकसत जातं, आणि पुढचं वर्तुळ पडण्याआधी तिथली उंच जागा कोणी धरली यावर निम्मी मॅच ठरते. मामा नुसतं म्हणतात, "टेकडी सोडून हे खाली कशाला उतरले?" आणि मिनिटभरात ती टीम वरून भाजली जाते. अशा जागा बदलण्याला आम्ही रोटेशन म्हणतो, मामा काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

आता बाबांचं काम. नोटप्रेसमधला माणूस, म्हणजे आयुष्यभर मोजदाद, तपासणी आणि नोंदी. त्यांना वही दे. बीजीएमआयच्या स्पर्धेत बहुधा १६ टीम असतात, चार-चार जणांच्या, म्हणजे ६४ खेळाडू. पहिल्या नंबराला १० गुण, मग ६, ५, ४, ३, २, आणि सातव्या-आठव्याला एकेक. शिवाय प्रत्येक फिनिशला, म्हणजे बाद केलेल्या खेळाडूला, एक गुण. याची गंमत अशी की पहिली आलेली टीम तीनच फिनिश घेऊन १३ वर थांबते आणि दुसरी आलेली नऊ फिनिश घेऊन १५ वर जाते. चिकन डिनर, म्हणजे मॅचमधला पहिला नंबर, एकाचं आणि आघाडी दुसऱ्याची. हे ज्याला पहिल्यांदा वहीत दिसतं, तो पुढच्या मॅचला आपणहून विचारतो, आता हे कितव्यावर आहेत? दिवसभरात पाच-सहा मॅच होतात, बेरीज वर-खाली होत राहते. बेरीज स्क्रीनवरही येते, पण बाबा स्वतः लिहितील ती वेगळी. शेवटच्या मॅचला कोणत्या टीमला किती गुण लागतात हे ते तुझ्याआधी सांगतील. त्यांनी कधी हातात फोन धरून खेळावं, ही अपेक्षाच ठेवू नकोस. पॅव्हेलियनमध्ये बसून स्कोअरबुक लिहिणारा माणूस क्रिकेटवेडा नसतो असं कोण म्हणेल?

जेवणाच्या हाकेबद्दल तुझी बाजू घेता येणार नाही. रँक्ड, म्हणजे रेटिंगसाठीची, मॅच मध्येच थांबवता येत नाही, सोडली तर रेटिंग जातं आणि पुढच्या मॅचला बंदी लागते, हे खरं. पण हे आईला कुठून माहीत असणार? तिच्यासाठी गेम म्हणजे पॉज करता येणारी वस्तू. मॅच सुरू करण्याआधी ओट्यापाशी जाऊन सांगायचं, "आता बसलो तर चाळीस मिनिटं उठता येणार नाही, बसू का?" नाही म्हणाली तर नाही. तेवढ्या वेळात व्हॅलोरंटचा स्विफ्टप्ले खेळ, पाच राऊंड जिंकले की संपला, पंधरा मिनिटांच्या आसपास. बीजीएमआयमध्ये टीडीएम, म्हणजे दोन टीमची छोटी लढत, आहे, तो दहा मिनिटांत आटोपतो. पोळ्या तव्यावर असताना रँक्डला बसणाऱ्या पोराला कुठल्याच घरात सहानुभूती मिळत नाही, आणि मिळूही नये.

घरच्यांबरोबर प्रत्यक्ष खेळायचं असेल तर व्हॅलोरंट आणि बीजीएमआय दोन्ही बाजूला ठेव. कारण आवडीचं नाही, हातांचं आहे. एका हाताने चालायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने मान फिरवायची, ही कसरत आपल्याला आता जाणवतही नाही. ज्याने हे कधी केलं नाही, तो पहिली दहा मिनिटं आकाशाकडे नाहीतर जमिनीकडे बघत भिंतीला धडका देत असतो. त्यात पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या (फर्स्ट-पर्सन) कॅमेऱ्याने चाळिशीपुढच्या बऱ्याच जणांना मळमळतं. म्हणून सुरुवात अशा गेमने कर, जिथे कॅमेरा एका जागी आहे आणि एकाच अंगठ्याचं काम आहे. ब्रॉलहल्ला फुकट आहे, साध्या पीसीवर चालतो, एकाच स्क्रीनवर चौघं खेळतात आणि हरणं म्हणजे नकाशाबाहेर पडणं, एवढं आजीलाही दिसतं. पीसी दणकट असेल तर स्ट्रीट फायटर ६ घे. त्यात डायनॅमिक नावाची कंट्रोलची पद्धत आहे: कुठलंही बटण दाबा, त्या क्षणी शोभेल तो वार गेम स्वतः निवडतो. ऑनलाइन ती वापरता येत नाही, ती घरात शेजारी बसून खेळणाऱ्यांसाठीच ठेवलीय. माझ्या कॅफेत एका आजोबांनी याच जोरावर नातवाला असा बदडला, की नातू नियम बघायला सेटिंगमध्ये शिरला.

बहिणीसाठी मी रॉकेट लीग सुचवीन. गाड्यांनी फुटबॉल, पाच मिनिटांची मॅच, फुकट आहे आणि पीसीवर स्क्रीन विभागून दोघं एका टीममध्ये खेळू शकतात. नियम समजावायची गरजच पडत नाही. पण तळ गाठायला वर्षं लागतात, त्यामुळे ती आठवड्याभरात कंटाळणार नाही.

तिला नेमबाजीचेच गेम हवे असतील तर अडवू नकोस, फक्त दार तू उघडून दे. सुरुवातीला अनोळखी टीमचा आवाज बंद, चॅट बंद. मुलीचा आवाज ऐकला की आपल्याकडची काही पोरं काय बोलतात ते तुला माहीत आहे. तू त्या लॉबीत बसलेला असतोस, त्यामुळे जरा जास्तच माहीत आहे. आधी कस्टम रूम, म्हणजे खासगी मॅच, तुझ्या ओळखीचे चार जण, आणि त्या चौघांना आधीच सांगून ठेवायचं. ती सरावली की मग बाहेर, आणि बाहेर गेल्यावर म्यूट आणि रिपोर्ट कुठे आहेत हे तिच्या बोटांना पाठ हवं. बीजीएमआयमध्ये १८ वर्षांखालच्यांना पालकांची संमती लागते आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. तिचं वय खोटं टाकून ती मर्यादा उडवू नकोस. बाबांशी बोलताना तीच मर्यादा तुझ्या बाजूने उभी राहते. आणि घरच्या फोनवर यूपीआयचा पिन तिच्यासमोर टाकू नकोस. यूसी (गेममधलं विकतचं चलन) आणि स्किनवर (पात्रांच्या, बंदुकांच्या सजावटीवर) पैसे गेले की दोष तिचा ठरतो आणि बंदी दोघांवर येते.

मुद्दाम हरणं, हा घरातल्या खेळाला लागणारा सगळ्यात वाईट रोग. माणसाला कळतं. लहान मुलाला तर लगेच कळतं. त्याऐवजी स्वतःवर अट घालून घे आणि ती उघड सांग: तू एकटा, ती दोघं. किंवा तू जे पात्र कधी खेळला नाहीस तेच घ्यायचं. किंवा पहिल्या गोलची आघाडी त्यांना. अट उघड असली की जिंकलेला माणूस खरोखर जिंकतो, आणि दोन आठवड्यांनी अट कमी करायची मागणी त्याच्याकडूनच येते. दुसरं म्हणजे, शिकवण्याचा मोह आवर. "अगं, उडी मार ना, उडी!" असं तिसऱ्यांदा ओरडलास की कंट्रोलर सोफ्यावर पडतो. विचारलं तरच सांगायचं.

आजीच्या डोळ्यांबद्दल वाद घालू नकोस. टीव्ही लांब ठेव, खोलीत दिवा असू दे, अर्ध्या तासाने उठ. ती बघत असते. आणि तिच्या फोनवर लूडो असेल तर ती आधीच स्पर्धात्मक खेळाडू आहे. आमच्या गल्लीतल्या दोन आज्यांचं लूडोवरून अबोला धरण्यापर्यंत गेलं होतं.

नातेवाइकांचा एक गैरसमज मात्र तुला वेळीच दूर करावा लागेल. आत्या किंवा काका "ऑनलाइन गेम" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात रमी आणि पैसे लावायची अ‍ॅप असतात. कोणाचं तरी कर्ज, कोणाचा तरी विकलेला प्लॉट, असं काहीतरी त्यांनी ऐकलेलं असतं, आणि त्यांची भीती खोटी नाही. साध्या शब्दांत सांग: ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं ठेवून मान्यता दिली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आला होता. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तो प्रदर्शनीय खेळ होता आणि तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये भारताला कांस्य मिळवून दिलं. पुढच्या आशियाई स्पर्धेत, हांगझोऊला, पदकांच्या यादीत ई-स्पोर्ट्स अधिकृतपणे आला. बस, एवढंच. याच्या पुढे जाऊन "म्हणून मी यातच करिअर करणार" हे वाक्य त्याच दमात जोडू नकोस. मी टीम तयार करतो, त्यावर माझं पोट आहे, तरी सांगतो: यावर घर चालवणारे खेळाडू फार थोडे. तुला घरच्यांबरोबर आवड वाटून घ्यायचीय ना, मग नोकरीचा विषय त्यात कालवू नकोस. दोन्ही नासतील.

नाशिककर म्हणून आपल्याकडे एक हुकमी पत्ता आहे, तो म्हणजे आपला बुद्धिबळपटू विदित गुजराथी. बुद्धिबळाला नावं ठेवणारा बाप नाशकात मला अजून भेटायचाय. २०२४ ला बुडापेस्टमध्ये बुद्धिबळ ऑलिंपियाडचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात तो होता, हे बाबांना माहीत असेल. त्यांना २०२० ची गोष्ट सांग. लॉकडाऊनमध्ये ऑलिंपियाड ऑनलाइन झालं, भारताचा कर्णधार विदित. रशियाविरुद्ध अंतिम फेरीत निहाल सरीन आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं आणि दोघांचा वेळ संपला. भारताने दाद मागितली आणि शेवटी दोन्ही देशांना संयुक्त सुवर्ण मिळालं. लाईट गेली, राउटर बसला आणि मॅच गेली, हे तू सांगतोस तेव्हा बाबांना ते रडगाणं वाटतं. तसंच कनेक्शन विदितच्या संघाचंही तुटलं म्हटल्यावर कदाचित राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यायला तेच निघतील. २०२५ मध्ये रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये बुद्धिबळही होतं आणि ते माजी विश्वविजेत्या कार्लसनने जिंकलं, हेही जाता जाता सांगून टाक.

एखादी मॅच प्रत्यक्ष दाखवायला नेता आलं तर जरूर ने. शहरात कॉलेजांच्या फेस्टिव्हलमध्ये लॅन स्पर्धा, म्हणजे सगळे एकाच हॉलमध्ये बसून खेळतात त्या, होतात. पण आईबाबांना सकाळी दहाला नेऊन बसवू नकोस. लॅनवर पहिले दोन तास केबल, अपडेट आणि "सर, माझा हेडफोन चालत नाही" यातच जातात. सेमीफायनलच्या सुमाराला बोलाव, स्पीकरपासून लांब, पण मोठा पडदा दिसेल अशा जागी बसव. पाच पोरं एकाच वेळी खुर्च्या मागे ढकलून ओरडत उठतात, ते त्यांनी एकदा बघायला हवं. तू घरी एकटा हेडफोन लावून पुटपुटत असतोस, तेव्हा पलीकडे हे असतं, हे त्यांना दुसऱ्या कशाने कळणार?

दिवाळीचं म्हणशील, तर आत्येभावंडं आल्यावर पीसी कोणाच्या ताब्यात, यावरून पहिल्याच दिवशी भांडण होणार हे धरून चाल. एक कंट्रोलर जास्तीचा आण, मित्राकडून मागून आणलास तरी चालेल. घरची लीग लाव, ब्रॉलहल्ला नाहीतर रॉकेट लीग, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, आणि वेळ रविवारी सकाळी मिसळ खाऊन आल्यानंतरची. दुपारच्या झोपेच्या वेळी ठेवलीस तर मोठ्यांपैकी कोणी येणार नाही. जोड्या चिठ्ठ्या टाकून पाड आणि चिठ्ठ्या आजीला उचलायला सांग, म्हणजे कोणी तक्रार करत नाही. वेळापत्रक आणि गुणतक्ता बाबांकडे. नियमांवरून वाद झाला तर शेवटचा शब्द आईचा, आणि तिने आत्येभावाच्या बाजूने निकाल दिला तरी तो मान. लीगच्या आदल्या रात्री सगळे अपडेट डाउनलोड करून ठेव, नाहीतर सकाळी सगळे जण नऊ जीबीची पट्टी सरकताना बघत बसतील.